मृच्छकटिक करतेयस ना, मग हे वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. वस्तीतल्या पोरापोरींना घेऊन मृच्छकटिक करायचं म्हणतेस आणि ग्रुपमधले म्हणतायत की संस्कृत नाटक आपल्या लोकांना कळणार नाही, एखादं हलकंफुलकं काहीतरी घे. ऐकू नकोस त्यांचं. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की ज्यांना वेद ऐकायची बंदी होती त्यांच्यासकट सगळ्या वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद केला, पुढे आपण त्याचं काय केलं तो विषय वेगळा. आणि या नाटकात आहे तरी कोण, जुगारात हरून पळत सुटलेला मालिशवाला, जानव्याने भिंत मोजून भोक पाडणारा घरफोड्या, गणिका, गाडीवान, आणि शेवटी गवळ्याचा पोर राजा होतो. न कळायला काय झालं!

भाषेचं टेन्शन तर घेऊच नकोस, मूळ नाटकातच सगळे एका भाषेत बोलत नाहीत. नायक चारुदत्त संस्कृत बोलतो, त्याचा मित्र मैत्रेय प्राकृत, नोकरचाकर आणखी वेगळ्या प्राकृतात. मग तुझी पोरं अहिराणी, वऱ्हाडी, हिंदीमिश्रित मराठी जे घरी बोलतात ते बोलू देत, फक्त बोली विनोदी पात्रांच्याच वाट्याला येऊ देऊ नकोस, नायिका, म्हणजे ती गणिका वसंतसेना, तिलाही बोलीत बोलू दे. गोविंद बल्लाळ देवलांची मराठी संहिता हाताशी ठेव, ते १९१६ला गेले त्यामुळे कॉपीराइटची भानगड नाही.

शकाराचं, म्हणजे खलनायकाचं, मात्र जपून. तो स चा श करतो आणि हमखास हशा येतो, पण समोर तोतरं बोलणारं पोरगं बसलं असेल तर? हशा त्याच्या माजावर आण ना, राजाचा मेहुणा म्हणून मिरवतो आणि कुंती रावणाची म्हणून ठोकून देतो, तेवढं पुरतं. आणि तुझ्याकडे व्हीलचेअरवरचा जो पोरगा आहे म्हणालीस त्याला हा रोल दे, बिचारा वगैरे रोल त्याला आयुष्यभर मिळतच राहतील.

आता पहिला अंक. अंधारात शकार वसंतसेनेच्या मागे लागतो, तिच्या गजऱ्याचा वास आणि पैंजणांचा आवाज तिला दगा देतो, म्हणून ती दोन्ही काढून टाकते. अगं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी याहून चांगला सीन कुठला! खरा मोगरा आण, पैंजण खरे वाजू दे, आणि शकार-वसंतसेनेला प्रेक्षकांच्या मधून पळव. पण लगेच दुसरी अडचण, अंधार केलास तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांना साइन लँग्वेजवाली दिसणारच नाही. तर लाइट घालवूच नकोस, जुन्या रंगभूमीवर अंधार अभिनयातूनच दाखवायचे, भर उजेडात चाचपडत एकमेकांवर आपटणारी माणसं जास्त मजा आणतात. इंटरप्रिटरना संहिता पंधराएक दिवस आधी दे, एक नको, दोन घे, हात दुखतात त्यांचे. चारुदत्त, वसंतसेना यांच्या नावांसाठी साइन लँग्वेजमधल्या खुणा तुमच्यातल्या कर्णबधिर मुलांनाच ठरवू देत, आणि त्यांना पहिल्या वाचनापासून बोलव. रंगीत तालमीला बोलावून विचारलंस तर ते छान म्हणतील आणि घरी जातील.

प्रयोगाआधी अर्धा तास अंध प्रेक्षकांना नाटकाच्या नावातला मातीचा गाडा, दागिने हाताळू दे.

हॉलचं स्टेज तीन फूट आहे म्हणतेस, १:१२ उताराने, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट, रॅम्प ३६ फूट लागेल, एवढी जागाच नसेल तिथे. स्टेज सोड, खाली जमिनीवर कर, तीन बाजूंनी प्रेक्षक. लहान मुलं उठणार, कुणी मधेच बोलणार, चालू दे, दारं उघडी ठेव.

वेळ बायकांना विचारून ठरव, कामावरून येऊन स्वयंपाक आटोपेपर्यंत त्यांची सुटका नसते. दहाचे दहा अंक अर्थातच होणार नाहीत, काप, पण जुगाराचा सीन कापायचा विचार आला तर आधी मला फोन कर.

तुझी,
ताई