तेलकट त्वचा, वांग आणि जळगावचं ऊन: सनस्क्रीन कोणतं घ्यावं?

ताई, तुमचं म्हणणं असं की चोपडा रोडवरच्या शाळेत रोज स्कूटीवरून जाणं, त्वचा तेलकट, गालांवर वांग, आणि एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) 50 चं क्रीम लावलं की चेहरा पांढराफटक पडून घामाच्या धारा लागतात. म्हणून ते सोडलं आणि आता 70 चं घ्यावं का, हा विचार.

नका घेऊ. एसपीएफ 30 वालं साधारण 97 टक्के यूव्हीबी (उन्हातली त्वचा भाजणारी अतिनील) किरणं अडवतं, 50 वालं 98. तेही चाचणीत लावतात तेवढा जाड थर दिला तर. आपण बहुतेक जण त्याच्या निम्म्यातच भागवतो, मग ट्यूबवरचा आकडा ट्यूबवरच राहतो. चेहरा आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा लागतात. 50 ग्रॅमची ट्यूब अख्खा उन्हाळा पुरली, तर समजा की हात आखडता आहे.

म्हणजे एवढं लावूनही जे सोसवेल, तेच तुमचं सनस्क्रीन. तुमच्यासाठी जेल किंवा पातळ, मॅट प्रकारचं. जाड क्रीम कोरड्या त्वचेवाल्यांना राहू द्या.

खरा मुद्दा वांगाचा आहे. सावळ्या-गव्हाळ त्वचेवर वांग नुसत्या यूव्हीने नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं, आणि साधी सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाहीत. त्यासाठी रंग असलेलं, म्हणजे टिंटेड घ्या. खोक्याच्या मागे घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड शोधा. कधीकधी त्याऐवजी सीआय 77491, 77492, 77499 असे नुसते आकडे असतात. पुढच्या बाजूला ब्रॉड स्पेक्ट्रम किंवा पीए++++ हवं, म्हणजे यूव्हीबीसोबत यूव्हीए ही दुसरी अतिनील किरणंही अडतात. पांढरेपणाची कटकटही या रंगाने बरीच मिटते.

भुसावळचा पारा 45 वर गेला की बातमी होते, पण यूव्ही पारा बघून येत नाही. सूर्य किती डोक्यावर आहे, त्यावर सगळं. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली अक्षरशः पायाखाली जाते. जूनमध्ये ढग आले, गार वाटलं, तरी सूर्य तिथेच असतो. तेव्हा पावसाळ्यातही सुट्टी नाही.

निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावून बसू द्या, मगच स्कार्फ बांधा. नाहीतर निम्मं कापडालाच लागतं. स्कार्फ विरळ पांढऱ्या ओढणीचा नको, घट्ट विणीचा गडद बरा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आधी रुमालाने घाम टिपून. आणि ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, तिथल्या भट्टीत औषध नासतं.

पहिल्यांदा लहान ट्यूबच आणा, जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस लावून बघा.

एक विचारायचं राहिलं. वांगासाठी मेडिकलवरून कुणी सांगितलेली गोरेपणाची ट्यूब लावताय का? अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते आणि ऊन लागताच चेहरा भाजल्यासारखा होतो. तसं असेल तर एकदम बंद करू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना ती ट्यूब सोबत न्या.