पगारावर जप्ती, टाच की कुर्की?

दारव्ह्याकडच्या एका वाचकाने विचारलंय : "मामेभाऊ शाळेत लिपिक आहे. अकरा वर्षांपूर्वी घेतलेल्या जीपचं कर्ज थकलं, आता पगारातून पैसे जातायत. कोर्टाच्या कागदावर 'वेतनाची जप्ती' आहे, पेपरात 'टाच' असते, आजोबा 'कुर्की आली' म्हणतात आणि तो स्वतः 'पगार कटून रायला' एवढंच सांगतो. बरोबर शब्द कोणता?"

पहिले तिन्ही बरोबर. चौथ्यात घोळ आहे.

'जप्ती' अरबी 'ज़ब्त'वरून आला, म्हणजे ताब्यात धरणं. अकबराच्या काळी जमीन मोजून सारा ठरवायच्या पद्धतीलाही 'ज़ब्ती'च म्हणत. 'कुर्क' मूळचा तुर्की, आपल्याकडे हिंदीतून आला. १९५६ पर्यंत नागपूर-वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताबरोबर (१९५० पासून मध्य प्रदेशाबरोबर) चालायचा, त्यामुळे आजोबांच्या तोंडी कुर्की असणं साहजिकच. 'टाच' मात्र घरचा शब्द. वस्तूवर टाच रोवून उभं राहायचं, की ती हलत नाही. मला तरी त्यात हेच चित्र दिसतं.

गावात जप्ती म्हटलं की डफडं आठवतं. शेत किंवा घर जप्त करताना डफडं वाजवून किंवा रूढ पद्धतीने जाहीर करावं, असं दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे. पगाराच्या जप्तीला ना डफडं, ना दारात बेलीफ. आदेश जातो पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, आणि पगारपत्रकात एक ओळ वाढते. म्हणूनच भावाला ते 'कटणं' वाटतं.

पण कटणं म्हणजे कपात, आणि कपात वेगळी. भविष्य निर्वाह निधी कटतो, पतसंस्थेचा हप्ता कटतो. पतसंस्थेला तर सभासदाने करार लिहून दिला असेल तर सहकार कायद्याच्या कलम ४९ ने कोर्टात न जाताही पगारातून घेता येतं. जप्तीला मात्र आधी दावा, मग हुकूमनामा (कोर्टाचा निकाल), मग दरखास्त (तो अंमलात आणायचा अर्ज) लागते. (अकरा वर्षांनी कसं आलं, याचंही उत्तर इथेच सापडेल : हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते.) आणि हप्ते थकले म्हणून फायनान्सवाले जीप घेऊन जातात, त्याला आपण 'गाडी ओढून नेली' म्हणतो ते नेमकं आहे. ती करारातली वसुली; तिला जप्ती म्हणू नये.

'सगळा पगार जप्त झाला' हा प्रयोगही चुकीचा. पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यांत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. हिशोबात धरायचा पगार २५,००० असेल, तर २४,०००चा तिसरा हिस्सा, म्हणजे महिना ८,०००, एवढ्यालाच हात लागतो. म्हणून 'पगार जप्त' न लिहिता 'पगारावर जप्ती' लिहावं. त्या 'वर'मध्ये उरलेला पगार वाचतो. भावाच्या कागदावर महिन्याचा आकडा काय आहे, तो या हिशोबाशी ताडून बघा. जास्त असेल तर वकिलाला दाखवा.

कागदात 'निर्णीत ऋणको' असं भारदस्त नाव दिसेल. म्हणजे ज्याच्यावर हुकूमनामा झाला तो कर्जदार. तो तुमचा भाऊच. आमच्याकडे एका म्हाताऱ्याने ते वाचून "हे कोन होय बाप्पा?" असं विचारलं होतं.

शेवटी क्रियापदं. कपात थांबते, जप्ती उठते, कर्ज फिटतं. एकाच हुकूमनाम्यासाठी पगारावर जप्ती सलग किंवा तुटक मिळून २४ महिने चालली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. तेव्हा 'जप्ती उठली' म्हणायचं. 'कर्ज फिटलं' तेव्हाच म्हणायचं, जेव्हा बाकी खरंच शून्य झाली असेल. नाही तर उरलेल्या रकमेसाठी शेताकडे नजर वळते, आणि तिथे डफडं वाजू शकतं.