पडलेल्या शहराचा अधिकारी जनरल कसा झाला?

प्रश्न : मी खडकीत राहतो, बॉम्बे सॅपर्सचं सेंटर अगदी जवळ, त्यामुळे लहानपणापासून इंजिनिअर पलटणींबद्दल कुतूहल आहे. मध्यंतरी टोटलेबेन या रशियन इंजिनिअर अधिकाऱ्याबद्दल वाचलं. त्याने क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोल हे काळ्या समुद्रावरचं रशियन नौदलाचं बंदर इंग्रज-फ्रेंचांविरुद्ध लढवलं म्हणतात. पण सेवास्तोपोल तर शेवटी पडलं ना? मग त्याला बढती कसली मिळाली?
– एक वाचक, खडकी, पुणे

उत्तर : हो, पडलं. ८ सप्टेंबर १८५५ ला फ्रेंचांनी मालाखोव्हचा बुरूज घेतला आणि रशियन फौज रात्रीत खाडीच्या उत्तरेला निघून गेली. पण ते पडायला ३४९ दिवस लागले, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दिवसांतच आहे.

एदुआर्द टोटलेबेनचा जन्म १८१८ चा, म्हणजे इकडे सिंहगड इंग्रजांच्या हातात गेला ते साल. जन्मगाव मिताउ, आज ते लाटव्हियात येल्गावा म्हणून आहे. बाल्टिक जर्मन व्यापाऱ्याचा मुलगा. पीटर्सबर्गच्या इंजिनिअरिंग स्कूलमध्ये घातला पण तब्येतीने साथ दिली नाही, कोर्स अर्धवटच राहिला. पुढे सॅपर (खंदक-सुरुंगांचं काम करणाऱ्या) बटालियनमध्ये असताना जनरल शिल्डरची नजर त्याच्यावर गेली. शिल्डर सुरुंगांचा मोठा जाणकार, त्याच्या हाताखाली टोटलेबेन तयार झाला. मग कॉकेशसमधले गेर्गेबिल आणि चोखचे वेढे, १८५४ मध्ये डॅन्यूबवरचा सिलिस्त्रियाचा वेढा, तिथल्याच जखमेने शिल्डर गेला. आत्तापर्यंतची नोकरी चांगली, पण नाव घ्यावं असं काही नाही.

ऑगस्ट १८५४ मध्ये तो सेवास्तोपोलला आला तेव्हा साधा लेफ्टनंट कर्नल होता. सरसेनापती मेन्शिकोव्हला वाटत होतं की आता या वर्षी शत्रू काही उतरत नाही, त्यामुळे या नव्या इंजिनिअरला काम द्यायचीही घाई नव्हती. समुद्राकडून शहर भक्कम होतं, दगडी किल्ले, तोफा, सगळं. जमिनीकडून मात्र दक्षिण बाजू जवळपास उघडी. १४ सप्टेंबरला इंग्रज-फ्रेंच उतरले, २० तारखेला आल्मा नदीवर रशियन हरले, आणि शत्रू वळसा घालून नेमका दक्षिणेला आला.

आता खरं काम सुरू झालं. रशियनांनी खाडीच्या तोंडाशी स्वतःची जहाजं बुडवली, खलाशी आणि जहाजांवरच्या तोफा किनाऱ्यावर आणल्या, आणि सैनिक, खलाशी, कैदी, बायका, पोरं सगळी रात्रंदिवस माती ओढायला लागली. जमीन खडकाळ, फावडं लागत नाही, म्हणून फांद्यांच्या विणलेल्या टोपल्यांत माती भरून त्या रचायच्या. तोफांच्या खिडक्यांना खलाशांनी जहाजाच्या जाड दोरखंडांचे विणलेले पडदे लावले, मधून फक्त तोफेचं तोंड बाहेर, म्हणजे शत्रूच्या रायफलवाल्याची गोळी गोलंदाजाला लागत नाही. १७ ऑक्टोबरला पहिला मोठा भडिमार झाला तेव्हा जमिनीच्या बाजूला ३४१ तोफा उभ्या होत्या. त्या दिवशी मालाखोव्हवर रशियनांचा अॅडमिरल कोर्निलोव्ह मारला गेला, पण फ्रेंचांचा दारूगोळाही उडाला आणि लगेच करायचा हल्ला झालाच नाही.

मला टोटलेबेनची सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्याने तटबंदी एकदा बांधून सोडून दिली नाही. दिवसा तोफांनी जे ढासळायचं ते रात्री परत उभं राहायचं, कुठे शत्रूने नवीन मोर्चा काढला की त्याच्या समोर नवीन तोफा. १८५५ च्या सुरुवातीला तर तो उलट पुढे सरकला, वेढ्यात अडकलेली फौज तटाच्या बाहेर जाऊन शत्रूच्या दिशेने मोर्चे बांधतेय! कामचात्का ल्युनेट (तटाबाहेरचा छोटा बुरूज) हा त्यातलाच. आणि चौथ्या बुरुजाखाली जमिनीच्या पोटात वेगळंच युद्ध. फ्रेंच भुयार खणत येतायत, रशियन आपल्या भुयारात कान लावून ठोके ऐकतायत, आणि जवळ आले की बेताची दारू लावून त्यांचं भुयार आतल्या आत दाबून टाकतायत, वर जमीन फुटू न देता, कारण खड्डा पडला तर शत्रूलाच आडोसा मिळतो. यात त्याच्या हाताखालचा मेल्निकोव्ह नावाचा अधिकारी फार गाजला.

हे सगळं माणसांच्या जिवावर चाललं होतं हे विसरता येत नाही, भडिमाराच्या दिवसांत एकेका दिवशी शेकडो माणसं पडायची. जून १८५५ मध्ये टोटलेबेनच्याही पायात गोळी घुसली, तरी अंथरुणावरून सूचना देणं चालू होतं. लेफ्टनंट कर्नल म्हणून आलेला माणूस वर्षाच्या आत मेजर जनरल झाला होता, तेही शहर पडायच्या आधी. म्हणजे बढती पराभवानंतरची सांत्वना नव्हती. मला तर ती सरळ सरळ कमावलेली वाटते.

प्रश्न : पुढे काय झालं त्याचं? परत लढाई पाहिली का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : पाहिली, आणि यावेळी भिंतीच्या दुसऱ्या बाजूने. मधली वीसेक वर्षं क्रोनश्टाट वगैरे किल्ल्यांच्या कामात आणि इंजिनिअर खात्याच्या कारभारात गेली. मग १८७७ मध्ये तुर्कांशी युद्ध. बल्गेरियातल्या प्लेव्हनाला उस्मान पाशाने मातीचे मोर्चे बांधून ठाण मांडलं आणि रशियनांनी जुलै ते सप्टेंबरमध्ये तीन वेळा समोरून हल्ले करून हजारो माणसं घालवली. तेव्हा टोटलेबेनला बोलावलं. त्याने सांगितलं, चौथा हल्ला नाही, वेढा आवळायचा. मातीच्या मोर्च्यामागे बसलेला चिवट सैनिक काय करू शकतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार! रशियन जनरल गुर्कोने ऑक्टोबरमध्ये गोर्नी दुबनिक आणि तेलिश घेऊन रसदेचा रस्ता तोडला, आणि १० डिसेंबरला बाहेर पडायचा प्रयत्न फसल्यावर उस्मान पाशा शरण आला. १८७९ मध्ये टोटलेबेनला काउंट किताब मिळाला, नंतर ओडेसा आणि विल्ना इथे गव्हर्नर जनरल. १८८४ मध्ये जर्मनीत वारला, आणि नंतर त्याला सेवास्तोपोलमध्येच पुरलं.

अजून एक, साहित्यवाल्यांसाठी. सायबेरियात शिक्षा भोगून साधा शिपाई म्हणून राबणाऱ्या दोस्तोयव्हस्कीने १८५६ मध्ये याच टोटलेबेनला पत्र लिहून मदत मागितली होती, टोटलेबेनच्या भावाशी इंजिनिअरिंग स्कूलपासूनची ओळख होती म्हणून. टोटलेबेनने शब्द टाकला आणि त्याच वर्षी दोस्तोयव्हस्कीला अधिकारीपद मिळालं.