'आता बरं वाटतंय' म्हणून लिथियम बंद करणाऱ्यांसाठी

ताई, तुमच्या भावाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य असा मनाचा आजार) आहे, मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळीवर आठ महिने तब्येत छान आहे आणि आता तो म्हणतोय, "लिथियम सोडून बघतो." वाचून पोटात गोळाच आला. २०१६ साली मी बायकोला हेच म्हणालो होतो.

आजाराची माहिती तुम्हाला असणारच, ती सोडतो. आणि मी डॉक्टर नाही, पेशंट आहे; डोसबद्दल मला विचारू नका.

मी एका रविवारी गोळ्यांची स्ट्रिप कचऱ्यात टाकली. डॉक्टरांना पत्ता नाही. तीनेक आठवडे उलट मजेत गेले. मग एकदा पहाटे साडेतीनला उठून मांडणीवरचे सगळे डबे उतरवले, घासूनपुसून प्रत्येकावर नाव चिकटवलं. मोहरी, हिंग, साबुदाणा. सकाळी बायको खूश, आई तर जास्तच. तीन तासांच्या झोपेवर माणूस दिवसभर ताजातवाना कसा, हे कुणालाच खटकलं नाही. दहा दिवसांत मी एफडी मोडून मित्राच्या मित्राला डेअरीसाठी पैसे देऊन आलो. मग अॅडमिट. घरी आल्यावर पाच महिने नैराश्य, दात घासायलासुद्धा उठवत नव्हतं.

लिथियम एकदम तोडलं की आजार उलटण्याचा, त्यातही मेनियाचा (म्हणजे माझ्यासारखा अति उत्साहाचा झटका येण्याचा), धोका वाढतो. बंद करायचंच ठरलं तर डॉक्टर ते निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन हळूहळू उतरवतात. हे मला नंतर कळलं.

भावाशी वाद घालू नका. गोळी का नकोशी झालीय ते विचारा. माझे हात थरथरायचे, पाहुण्यांसमोर कप बशीत वाजायचा. लाजेपायी सांगितलं नाही. नंतर रक्तातली लिथियमची पातळी बघून डोस थोडा कमी केला आणि थरथर बरीच थांबली. म्हणजे एवढ्याशा गोष्टीसाठी मी सगळं घालवलं.

माझ्या मते मूडच्या चार्टपेक्षा झोपेची वही कामाची. सलग दोन रात्री झोप कमी आणि तरीही स्वारी तरतरीत, तर तिसऱ्या रात्रीची वाट न बघता डॉक्टरांना फोन. प्रत्येकाची लक्षणं वेगळी असतात म्हणा, माझं तरी झोपेपासूनच सुरू होतं.

विम्याचं तर बोलूच नका. "मानसिक आजार बसत नाही" असं एका ओळीचं पत्र आलं आमच्या कंपनीचं. चार हेलपाटे, दर वेळी नवा माणूस, दर वेळी तीच फाईल पहिल्यापासून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आता शारीरिक आजारासारखाच विमा मानसिक आजारालाही द्यावा लागतो. तेव्हा नकार आला तर लेखी मागा. तोंडी ऐकून परत फिरू नका.

जाता जाता: अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ देऊ नका, लिथियमची पातळी चढते. जुलाब-उलट्या झाल्या तरी ती चढते. आणि पातळीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी असते. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा चुकतो. आमचे दोनदा पैसे फुकट गेले.