इसार दिला, मग बॉनेट उघडलं

कोथरूडचे एक वाचक लिहितात: '1964 ची विलीज पिकअप साडेआठ लाखांना ठरली. गाडीमालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं, "इंजिन ओरिजिनल, व्हिंटेज नंबर आरामात मिळेल." 50 हजार इसार दिला. नंतर आमच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, तर आत मूळच्या पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन. किंमत अवाच्या सवा म्हणून व्यवहार मोडता येईल का?'

नुसती किंमत जास्त म्हणून मोडता येणार नाही. करार कायद्याच्या कलम 25 मध्ये उदाहरणच आहे: हजाराचा घोडा दहा रुपयांना विकायचं कबूल केलं, संमती राजीखुशीची होती, तर करार पक्का. मात्र मोबदला फार विषम असेल, तर संमती खरंच मोकळी होती का हे तपासताना कोर्ट ते लक्षात घेऊ शकतं, असंही तिथेच म्हटलंय.

तुमची बाजू उभी राहते ती त्या मेसेजवर. व्हिंटेज नंबर म्हणजे जुन्या गाड्यांची खास नोंदणी. तिचे 2021 चे नियम पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या, खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहेत, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा लागतो. डिझेल इंजिन बसवलेली गाडी तिथे अडकणार. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) मालवाहू वर्ग असेल तर आणखी एक अडचण. म्हणजे ज्या नंबरच्या आशेने तुम्ही साडेआठ लाख कबूल केले, तो मिळणंच अवघड.

मालकाला हे ठाऊक असूनही त्याने तसं लिहिलं असेल, तर ती फसवणूक. करार कायद्याच्या कलम 19 प्रमाणे करार रद्द करून इसार मागता येईल. 'तुम्ही आधी बघायला हवं होतं' हा बचाव तेव्हा चालत नाही. पण तोही भाबडेपणाने बोलला असेल, तर हाच बचाव चालू शकतो, कारण बॉनेट उघडायला दोन मिनिटं लागतात. (खरं सांगायचं तर इथे मला तुमचा थोडा रागच आला.)

आता आरसीवर इंधन कुठलं लिहिलंय ते बघा. पेट्रोल असेल, तर इंजिनबदल आरटीओत नोंदलेलाच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठी आधी परवानगी मागतं. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, आरसीशी ताडून पाहा. मेसेज डिलीट करू नका. कोर्टात ते दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. उरलेले पैसे देऊ नका, गाडीही दारात आणू नका. आधी वकिलामार्फत नोटीस जाऊ द्या. विकणारा धंदेवाईक नसल्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंद. दिवाणी दावाच करावा लागेल.

आणि विम्याच्या पॉलिसीवरचा गाडीच्या किमतीचा आकडा दाखवून मालक 'हीच बाजारभावाची किंमत' म्हणाला, तर मानू नका. पाच वर्षांपुढच्या गाडीचा तो आकडा विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. गाडी तरीही मनात भरली असेल, तर डिझेल इंजिनाची जुनी पिकअप म्हणून नवा भाव करा आणि करारात 'इंजिन बदललेलं आहे' हे त्याच्या सहीनिशी लिहून घ्या.