पावसाच्या खंडाने आणि पीक बदलल्याने मातीतले जिवाणू मरतात का?

तुमचा प्रश्न असा: काळ्या कोरडवाहू रानात पाऊस खंड देत पडतोय, कपाशीऐवजी सोयाबीन-हरभरा घेणार आहात, जिवाणू टिकतील का, आणि जिवाणू खत दर हंगामात लावावं का?

काही मरतात, सगळे नाहीत. एकूण किती मिलीमीटर पडला यापेक्षा दोन पावसांत किती अंतर पडलं, हे इथे जास्त महत्त्वाचं. माती वाळली की कणांभोवतीचा पाण्याचा थर पातळ होतो, जिवाणूंना हलता येत नाही, अन्न पोचत नाही. पातळ भित्तिकेच्या जिवाणूंना (त्यांच्या गटाला ग्राम-ऋण म्हणतात) सहसा आधी फटका बसतो. बॅसिलस हा जिवाणू टणक बीजाणू करून पडून राहतो, ॲक्टिनोमायसीट (धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू) तग धरतात (पहिल्या सरीचा मातीचा वास मुख्यतः त्यांनीच बनवलेल्या जिओस्मिन या पदार्थाचा). बुरशीचे तंतू कोरड्या पोकळ्याही ओलांडतात.

मोठी उलथापालथ होते ती पाणी परत आल्यावर. वाळलेल्या पेशींत पाणी एकदम घुसतं, काही फुटतात. मातीचे कण सुटे होऊन आत अडकलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो आणि वाचलेले जिवाणू त्यावर तुटून पडतात. काही तासांत कार्बन डायऑक्साइडचा लोंढा, मग अमोनियम आणि नायट्रेट, म्हणजे पिकाला घेता येणारं नत्र. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे मांडलं, म्हणून याला बर्च परिणाम म्हणतात. पण हे फुकटचं नत्र सुटतं तेव्हा रानात उचलायला मुळं नसतात. जोराच्या पावसात नायट्रेट खाली झिरपतं, पाणी तुंबलं की डिनायट्रिफिकेशनने (जिवाणू नायट्रेटचा वायू करतात) हवेत जातं. मातीतल्या पोकळ्या साधारण ६० टक्के पाण्याने भरलेल्या असतात तेव्हा जिवाणूंचं काम जोरात चालतं. त्यापुढे प्राणवायू कमी पडतो.

म्हणून पहिल्या पावसानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात नायट्रेट फुगलेलं दिसतं. सूक्ष्मजीवांची तपासणी करायची तर ०-१५ सेंमीचा नमुना वाळवू नका. थंड पेटीत न्या, ४ अंशांवर ठेवा. वाळवून पुन्हा भिजवला तर बर्च परिणाम प्रयोगशाळेतच घडतो.

पीक बदललं की जिवाणूंचं अन्न बदलतं, कारण मुळांतून झिरपणारा रस आणि पालापाचोळा वेगळा. कर्ब:नत्र गुणोत्तर २५:१ च्या बरंच वर असलेलं, म्हणजे गव्हाचं काड किंवा पऱ्हाटी, पेरणीच्या तोंडावर गाडलं तर जिवाणू उपलब्ध नत्र स्वतःच अडवून बसतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. ते उन्हाळ्याआधीच बारीक करून पसरा. रान दीर्घकाळ उघडं राहिलं तर मायकोरायझाही घटते, कारण ही बुरशी जिवंत मुळांवरच जगते.

जिवाणू खताबद्दल माझं मत: सोयाबीन त्या रानात पहिल्यांदाच घेत असाल तर रायझोबियम (मुळांच्या गाठींत हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) लावाच. हरभऱ्याचं पाकीट वेगळं घ्या, सोयाबीनचं त्याच्यावर चालत नाही. प्रमाण २५० ग्रॅम, १० ते १५ किलो बियाण्याला. आधी बुरशीनाशक, शेवटी रायझोबियम, मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच करा. धूळपेरणीत बियाण्यावरचे जिवाणू तापलेल्या कोरड्या मातीत मरतात, पाकिटाचे पैसे वाया.