‘परमिशन टू गो’ चालतं, मग ‘हॅबिट टू गो’ का नाही?

तुम्ही विचारलंय की ‘परमिशन टू गो’, ‘टाइम टू लीव्ह’ बरोबर आणि ‘हॅबिट टू गो’ चूक, हे ओळखायचं कसं. आणि जाणे, येणे, निघणे, चालणे अशा क्रियापदांना वेगळा नियम आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे: वेगळा नियम नाही. ‘टू’ घ्यायचा की ‘ऑफ’ हे नाम ठरवतं, मागून येणाऱ्या क्रियापदाला कोणी विचारत नाही. ‘परमिशन’ला ‘टू’ लागतो, मग ती जायची असो की जेवायची. पण हालचालीच्या क्रियापदांची एक खोड आहे, तिच्याकडे शेवटी येते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. सोयाबीन काढायला आलं की टेबलावर सुटीच्या अर्जांचा ढीग पडतो आणि दहांपैकी सातआठ अर्जांत हेच वाक्य असतं: ‘आय वाँट परमिशन ऑफ गोइंग टू होम.’ मुलं दरवर्षी बदलतात, वाक्य तेच. (‘टू होम’ हे वेगळंच दुखणं, ते आज सोडून देऊ.)

यात मुलांचा दोष कमी. मराठीत आपण जायची परवानगी म्हणतो, जायची सवय म्हणतो, जायची कल्पना आणि जायची शक्यताही म्हणतो. चारही ठिकाणी ‘जायची’. इंग्रजी मात्र पहिलीला ‘टू गो’ देते आणि उरलेल्या तिघींना ‘ऑफ गोइंग’. आपल्या ‘-ची’खाली हा फरक झाकला जातो, त्यामुळे मनात मराठी वाक्य जुळवून इंग्रजीत लिहिणाऱ्याला वळण कुठे आहे ते दिसतच नाही.

मीही बरीच वर्षं याद्या पाठ करून घ्यायचे. एकदा हीच चार नामं फळ्यावर लिहिली होती, तर मागच्या बाकावरची नववीतली एक पोरगी म्हणाली, ‘मॅडम, जायले परवानगी म्हनते मानूस. जायले सवय असं कोनी म्हनते का?’ वर्ग हसला. मी खडू हातात धरून तशीच उभी. बी.ए., बी.एड. करताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझी कसोटी हीच. ‘जायची’ काढून तिथे ‘जायला’ ठेवून बघा. वऱ्हाडीत बोलत असाल तर ‘जायले’. जायला परवानगी, जायला कारण, जायला जागा, जायला नकार, हे सगळं तोंडात बसतं. मग इंग्रजीत बिनधास्त ‘टू’ लिहा: रीझन टू गो, प्लेस टू गो, रिफ्युजल टू गो. वेळेला तर दोन्ही चालतात, ‘जायची वेळ झाली’ आणि ‘मले जायले वेळ नाही’; अर्थ वेगळे असले तरी इंग्रजीत दोन्हीकडे ‘टाइम टू गो’च. पण जायला सवय, जायला शक्यता, जायला कल्पना हे कानालाच खुपतं. तिथे हॅबिट ऑफ गोइंग, पॉसिबिलिटी ऑफ गोइंग, आयडिया ऑफ गोइंग.

हे जमतं कारण ‘टू’ मुळात आपल्या ‘ला’सारखाच दिशेचा शब्द आहे. ‘गावाला जायला’ या दोन शब्दांत गावालाही ‘ला’ आणि जाण्यालाही ‘ला’. इंग्रजीतही ‘टू द व्हिलेज’मधला ‘टू’ आणि ‘टू गो’मधला ‘टू’ एकाच घरचे. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत साधं क्रियापद ‘टू’शिवायच यायचं, ‘टू’ लागला की त्याला नामासारखी वेगळी विभक्ती लागायची, म्हणजे अर्थ जवळजवळ ‘जाण्याकडे’ असा. पुढे प्रत्यय झिजले आणि ‘टू’ तेवढा उरला. म्हणून परवानगी, नकार, योजना, वचन अशी जी नामं अजून न घडलेल्या गोष्टीकडे तोंड करून उभी असतात, ती बहुधा ‘टू’ घेतात. सवय मात्र घडत आलेल्या गोष्टीची असते. अर्थात यावरही फार भिस्त ठेवू नका. ‘होप’ तर पुढेच बघते, क्रियापद असताना ‘होप टू गो’ म्हणते आणि नाम झाली की ‘होप ऑफ गोइंग’ करून बसते.

कसोटी गळते कुठे, तेही सांगायला हवं. ‘जायला निर्णय’ कोणी म्हणत नाही, ‘जायला इच्छा’ही फारसं नाही, तरी इंग्रजीत डिसिजन टू गो आणि डिझायर टू गो. अशा वेळी नामाच्या आत लपलेला मूळ शब्द शोधायचा. डिसाइड टू गो, म्हणून डिसिजन टू गो. एबल टू वॉक, म्हणून ॲबिलिटी टू वॉक. विलिंग टू ट्रॅव्हल, म्हणून विलिंगनेस टू ट्रॅव्हल. ‘इंटेन्शन’ दोन्ही दगडांवर पाय ठेवतं, टू गो पण आणि ऑफ गोइंग पण. भीती फसवते: ‘जायला भीती वाटते’ छान जमतं, पण ते ‘वाटते’च्या जोरावर, ‘वाटते’ काढलं की मोडतं. इंग्रजीत फिअर ऑफ गोइंग.

खरा खड्डा पुढे आहे. जायला हरकत, जायला विरोध, जायला पर्याय. तिन्ही कसोटीला उतरतात, इंग्रजीत ‘टू’ही येतो, पण त्याच्यापुढे ‘गोइंग’: ऑब्जेक्शन टू गोइंग, ऑपोझिशन टू गोइंग, अल्टरनेटिव्ह टू गोइंग. इथला ‘टू’ अजून ‘टू द व्हिलेज’वालाच आहे, त्याला पुढे नाम किंवा नामासारखं रूपच लागतं. ही तीन मी सरळ पाठ करून घेते. सगळंच काही समजून घेऊन होत नाही.

काही नामं दोन्हीकडे जातात आणि अर्थ बदलतो. ‘चान्स टू गो’ म्हणजे जायची संधी, ‘चान्स ऑफ गोइंग’ म्हणजे जायची शक्यता. सहलीला नाव लागलं तर पहिलं; सरांनी अजून यादी लावली नसेल तर दुसरं. ‘राइट’चं बघा. संविधानाच्या कलम 19 मध्ये नागरिकांना जे हक्क दिलेत, त्यांत देशभर मोकळेपणी फिरायचा हक्क इंग्रजीत ‘टू मूव्ह फ्रीली’ असा येतो, म्हणजे ‘राइट’पुढे क्रियापद. पण वावरात जायला वाटच नसली की शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून (बांधावरून) वाट मागायला तहसीलमध्ये अर्ज पडतो तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खाली, आणि तिथे इंग्रजी शब्द आहे ‘राइट ऑफ वे’. ‘वे’ म्हणजे वाट, ते नाम, आणि या ठरलेल्या शब्दप्रयोगात ‘ऑफ’च येतो. ‘राइट टू वे’ मी पेपरात लाल केलेलं आहे.

आणखी एक ‘टू’ आपल्या ‘-णारा’मागे दडलेला असतो. सकाळी गावात येणारी पहिली एसटी: मुलं लिहितात ‘द फर्स्ट कमिंग बस’. हवं ‘द फर्स्ट बस टू कम’. 1969 मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर चालणारा पहिला माणूस ठरला, तोही ‘द फर्स्ट मॅन टू वॉक ऑन द मून’. नामाआधी पहिला, शेवटचा, पुढचा किंवा एकमेव असा शब्द असला की हा ‘टू’ येतो. नुसती ‘येणारी एसटी’ असेल तर येत नाही. अपवाद म्हणून ‘इयर्स टू कम’ लक्षात ठेवा, येणारी वर्षं.

आता ती खोड. आपण ‘बसायला खुर्ची’ म्हणतो आणि मोकळे होतो. खुर्चीवर बसायचं हे कोणी वेगळं सांगत नाही. इंग्रजीला ते सांगावं लागतं आणि तेही शेपटाला: चेअर टू सिट ऑन. म्हणून जायला बंडी (बैलगाडी) म्हणजे ‘कार्ट टू गो इन’, चालायला रस्ता म्हणजे ‘रोड टू वॉक ऑन’. प्लेस, टाइम आणि वे या तिघांना तेवढी सूट आहे. ‘प्लेस टू गो’ला शेपूट लागत नाही, पण ‘टाउन’ आलं की ‘अ टाउन टू गो टू’. हालचालीच्या क्रियापदांत मुलं सगळ्यात जास्त मार्क इथे घालवतात, कारण मराठीत या शेपटाची जागाच नाही.

त्याच पोरीचा मागच्या पावसाळ्यात दोन दिवस गैरहजेरीचा अर्ज आला. तिचं घर वावरात, शाळेत यायला मध्ये पांदण (शेतांमधली कच्ची वाट), आणि पांदणीत गुडघाभर चिखल. कारण इंग्रजीत लिहिलं होतं: ‘देअर इज नो रोड टू वॉक ऑन.’ सुटी मंजूर केली आणि ‘ऑन’वर लाल पेनाने बरोबरची खूण केली.